जांभ्यावर झिजलेला चेंडू

मी एक जुना बास्केटबॉल आहे, मित्रांनो, पण माझा रंग मला विचारू नका. जन्मलो तेव्हा मी नारिंगी होतो. आज रत्नागिरीच्या जांभा दगडाची लाल माती माझ्या अंगात अशी बसली आहे की मला कितीही धुतलं तरी पाणी लाल होतं, मी काही नारिंगी होत नाही. माझ्या अंगावर पूर्वी बारीक दाणे होते. त्यांच्यामुळे मी हातात घट्ट बसत असे. तेही झिजले. एक शिक्का होता, काही अक्षरं होती. शाळेत राहून राहून मला अक्षरं ओळखता यायला लागली, तोवर ती पुसून गेली होती. त्यामुळे माझ्यावर काय लिहिलं होतं ते मला आजही ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते सांगतो.

माझा जन्म जालंधरचा. तिथे रबराचा फुगा करून त्यावर नायलॉनचा दोरा गुंडाळतात, मग रबराची साल चढवून तापलेल्या साच्यात दाबतात. साच्यातून बाहेर आलो तेव्हा एका बाईने मला फडक्यात धरलं, थोडं निवू दिलं आणि जमिनीवर एकदा आपटलं. मी तिच्या कमरेपर्यंत उसळलो. ती समाधानाने हसली आणि मला पुढे सरकवलं. माझी पहिली परीक्षा ती, आणि पहिलं कौतुकही तेच.

तिथून ट्रकने, मग टेम्पोने मी रत्नागिरीच्या बाजारात एका दुकानात आलो. दुकानदाराने मला जाळीत घालून छताला टांगलं. खाली क्रिकेटच्या बॅटी ठेवल्या होत्या. मुलं येत, बॅटी उचलत, हवेत फिरवत, टेनिसचे चेंडू घेऊन जात. माझ्याकडे मान वर करून कोणी पाहत नसे. पुढे एका शाळेने खेळाचं सामान घेतलं त्यात मीही गेलो. तिथे कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून दारामागे टेकू म्हणून मला ठेवलं. कधी मधल्या सुट्टीत मला बाहेर काढत, पण लाथा मारायला. माझं काम हातांचं आहे हे मला माहीत होतं. सांगणार कोणाला?

मग त्या शाळेत राजश्री मॅडम आल्या. त्या खेळाच्या शिक्षिका. स्वतः विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी कपाट उघडलं, मी घरंगळत बाहेर आलो, आणि त्यांनी मला एका हाताने असं उचललं की कितीतरी काळाने माहेरचं माणूस भेटावं तसं मला झालं. मैदानाच्या कडेला एक गंजलेला खांब होता. त्यावर फळी होती, चेंडू टाकायचं लोखंडी रिंगणही होतं, पण मुलं त्यावर दप्तरं अडकवत. मॅडमनी दप्तरं उतरवायला लावली.

त्याच वर्षी आठवीत हर्षद आला.

हर्षद लांज्याच्या पुढच्या एका खेड्यातला. गावात सातवीपर्यंत शाळा, म्हणून भाट्ये गावात आत्याकडे राहायला आलेला. आत्याचं नाव मथुरा. ती नारळाच्या रोपवाटिकेत कामाला जायची. हर्षदचे वडील महिपत मुंबईला एका गोदामात माल उचलायच्या कामावर होते, आई काशी गावी शेती बघायची. घरात सगळी मध्यम उंचीची माणसं. हा एकटाच कुणावर गेला कोण जाणे. आठवीतच तो मुख्याध्यापकांच्या वर दिसायचा. त्याला त्याची लाज वाटे. चालताना खांदे आत ओढून चालायचा, वर्गाच्या फोटोत गुडघे वाकवून उभा राहायचा, कोणाशी बोलायचं झालं की आधी अर्धा खाली यायचा.

मॅडमनी त्याला मैदानात हेरलं आणि माझ्यासकट खांबाखाली नेलं. मला वर टाकायला सांगितलं. त्याने टाकलं. मी फळीला लागून कुंपणापलीकडे गटारात गेलो. तो मला काढून, पुसून परत आला. पुन्हा टाकायची परवानगी आहे का अशा नजरेने त्याने मॅडमकडे पाहिलं. मग टाकलं, आणि मी रिंगणातून सरळ खाली आलो. मित्रांनो, मला उंच टाकायचं तर माणसाला सरळ व्हावं लागतं. टाचा उचलाव्या लागतात, पाठ ताणावी लागते, हात आभाळाकडे न्यावा लागतो. त्या क्षणी मी हर्षदला पहिल्यांदा त्याच्या पुऱ्या उंचीत पाहिलं. केवढा होता तो! त्याच्या बोटांच्या टोकावरून मला शाळेचं कौलारू छप्पर, त्यामागचे माड आणि त्याहीमागे खाडीचं पाणी दिसलं. मी आजवर कितीजणांच्या हातात गेलो, पण तेवढ्या वरून जग मला कोणी दाखवलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्याचा झालो. मॅडमनी मला घरी न्यायची मुभा दिली. शाळेतून भाट्याला जाताना पुलावर तो मला आपटत आपटत न्यायचा आणि मच्छी घेऊन येणाऱ्या बायका त्याला बोल लावायच्या, की अरे मेल्या, तो पाण्यात गेला तर पाठोपाठ तूही जाशील. मी एकदाही पाण्यात गेलो नाही. त्याचा हात मला ओळखायला लागला होता.

आमचं मैदान जांभ्याचं. वर माती पसरलेली, पण दर पावसाळ्यात ती वाहून जाई आणि दगडाचे टोकेरी तुकडे वर येत. तिथे मी सरळ आपटलो तरी सरळ उसळेन याचा नेम नसे. कधी डावीकडे पळे, कधी जागच्या जागी बसे. हर्षद मला न पाहता मला पकडायला शिकला. माझे दाणे तिथेच गेले. पावसात मैदानात डबकी साठत, तेव्हा मॅडमच्या ओळखीच्या एका बागायतदाराची आंब्याची शेड आम्हाला मिळे. मे महिन्यात जिथे पेट्यांच्या थप्प्या असत, ती शेड पावसाळाभर रिकामीच. तिथे एका खांबाला रिंगण ठोकलं. गवताचा आणि पिकल्या आंब्याचा वास भिंतींना वर्षभर धरून असे. बाहेर पाऊस कोसळे आणि आत मी आणि हर्षद, हर्षद आणि मी.

तो जिल्ह्याला खेळला, मग विभागाला, मग राज्याला. चिपळूणच्या एका स्पर्धेत तर प्रेक्षक त्याचं नाव विचारत खाली उतरले. दहावीपर्यंत त्याला पाहून मला धाकच वाटायला लागला होता. आपण ज्याच्या हातात आहोत तो कुठवर जाणार, असा धाक.

अकरावीत त्याला पुण्याच्या एका शिबिराच्या निवडीसाठी बोलावणं आलं. देशभरातली निवडक मुलं तिथे यायची, आणि पुढे कधी व्यावसायिक संघात जायचं असेल तर वाट तिथूनच होती. हर्षदला तेच हवं होतं. बास्केटबॉलवर जगायचं, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. आत्याला सांगितली, मला सांगितली, वडिलांना मात्र सांगायची छाती झाली नव्हती.

शिबिर शिमग्याच्या लगेच नंतर होतं. म्हणून आधी तो गावी गेला. मीही गेलो. एसटीत त्याच्या मांडीवर बसून.

शिमग्याला आमच्या तिकडे ग्रामदेवतेची पालखी निघते. देवाची चांदीची रूपं पालखीत बसवतात आणि ढोल-ताशाच्या गजरात पालखी घरोघरी जाते. नुसती जात नाही, नाचते. अंगणात आली की भोई तिला खांद्यावर घेऊन अशी खेळवतात की बघणाऱ्याचे पाय जागचे हलतात. मुंबईला गेलेला प्रत्येक माणूस तेवढ्यासाठी गावी येतो. हर्षदच्या घराला पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान होता. आजोबांनी तो चालवला, मग महिपतने. पण माल उचलून उचलून महिपतचा खांदा गेला होता. डॉक्टरांनी त्या खांद्यावर ओझं घ्यायचं नाही असं सांगितलं होतं. घराचा खांदा रिकामा ठेवायचा नाही, म्हणून यंदा तो हर्षदने लावायचा, असं महिपतने ठरवून टाकलं. पोराला विचारलं नाही. विचारायची गोष्टच नव्हती ती.

शेजारच्या घरात धोंडू राहायचा. महिपतचा चुलतभाऊ. बांधावरच्या एका फणसावरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. पण बोलणं बंद म्हणजे गप्प बसणं नव्हे. धोंडूला जे महिपतला ऐकवायचं असे ते तो आपल्या कुत्र्याला ऐकवी. मी पडवीत खुंटीला जाळीत टांगलेला होतो, तेव्हा ऐकलं. हर्षद अंगणात उभा होता आणि धोंडू पायरीवर बसून कुत्र्याला सांगत होता,

"ऐकलंस काय मोत्या, यंदा आंबे काढायला घळ नको. एकेकाच्या घरात आयती घळ वाढलीय."

घळ म्हणजे आंबे काढायची जाळी लावलेली लांब काठी. हर्षदला हसू आलं. महिपतला आलं नाही. त्याने घरातल्या मांजरीला सांगितलं, की लोकांना आपली घळ आखूड पडते म्हणून दुसऱ्याची खुपते.

पालखी अंगणात आली. काशीने भोयांचे पाय धुतले, ओटी भरली, नारळ ठेवला. हर्षदने पुढचा खांदा घेतला आणि लगेच सगळ्यांच्या ध्यानात आलं. पालखीचे भोई एकसारख्या उंचीचे लागतात. हा सरळ उभा राहिला की त्याच्या बाजूने दांडा वर जाई आणि देव मागच्या बाजूला कलायचे. मागच्या भोयाने ओरडून सांगितलं, "वाक रे हर्षा, देव कलंडतोय." हर्षद वाकला. गुडघ्यात वाकला, आणि पालखी सरळ झाली. लोकांनी गजर केला. महिपतच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी ते पुढे कधी पाहिलं नाही.

तसा वाकलेल्या गुडघ्यांनी हर्षद नाचला. आमचं अंगण झालं, मग शेजारचं, मग अख्खी वाडी. उन्हं चढली, उतरली. दुसऱ्या दिवशी खालची वाडी. एका घरापुरतं वाकणं वेगळं आणि ओझं खांद्यावर घेऊन वाकलेलंच नाचणं वेगळं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. कोणी त्याला थांब म्हटलं नाही, कारण तो तक्रार करत नव्हता. आणि तो तक्रार करत नव्हता, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या उंचीसाठी त्याच्या गावाने जागा करून दिली होती. तो वाकला असेना का.

पुण्याला जाताना एसटीत त्याने उजवा पाय सरळ पुढे ठेवला होता. मी मांडीवरून दोनदा घसरलो. गुडघा सुजला होता. त्याने कोणाला सांगितलं नाही.

पुण्याचं ते क्रीडागृह पाहून मी आधी घाबरलोच. लाकडी जमीन अशी चकचकीत की माझी सावली माझ्याकडेच बघत होती. वर दिवे, चारी बाजूंना खुर्च्या, काचेच्या फळ्या. आणि ती मुलं! पंजाबची, केरळची, राजस्थानची. हर्षद रांगेत उभा राहिला तेव्हा मी त्याला शोधत होतो आणि तो सापडेना. ज्याच्यामुळे वाडीत पालखी कलायची, तो त्या रांगेत मधोमध कुठेतरी हरवला होता. बोलताना त्याला मान वर करावी लागत होती. मी इतकी वर्षं समजत होतो की सगळ्यात उंच माणसाचा चेंडू आपण. ते सगळं एका सकाळी उतरलं. आणि तरी, खरं सांगतो, मला वाईट वाटण्याआधी आश्चर्यच वाटलं. जगात एवढी उंची आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

दुपारी धावायच्या चाचणीत हर्षद लंगडला. प्रशिक्षकांनी गुडघा दाबून पाहिला, बर्फ लावला आणि विचारलं की हे कधीचं. तो बुटाची नाडी बांधत राहिला. त्याला घरी पाठवलं. निवड झाली नाही.

भाट्याला आल्यावर मथुरा आत्याने तो गुडघा पाहिला आणि तिथल्या तिथे भावाला फोन लावला. महिपत पलीकडून म्हणाला असावा की देवाने सांभाळून घेतलं म्हणून एवढ्यावर निभावलं. आत्याचा आवाज चढला नाही. उलट खाली गेला.

"दादा, देवाला तुम्ही सांभाळलंत. पोराला कोणी सांभाळलं?"

आणि तिने फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी महिपत मुंबईहून रजा काढून आला. खाटेशेजारी स्टूल घेऊन बसला.  मी खाटेखाली होतो, मला त्याचे पाय तेवढे दिसत होते, आणि ते पाय अस्वस्थ होते. मग तो म्हणाला,

"मला वाटलं, उंच माणूस वाकला की झालं."

"मलाही तसंच वाटलं, बाबा," हर्षद म्हणाला.

तेव्हा हर्षदने वडिलांना सगळं सांगितलं. त्याला काय हवं आहे, ते शिबिर काय होतं, पुढे काय असतं. महिपतने ऐकलं. पुष्कळसं त्याला कळलं नसेल. पण मुलगा एवढं लांबलचक आपल्याशी पहिल्यांदाच बोलला, एवढं त्याला कळलं.

पुढचे महिने माझ्या वाट्याला रिकामे गेले. डॉक्टरांनी त्याला समुद्राच्या पाण्यात चालायला सांगितलं होतं. रोज कामावरून आल्यावर आत्या त्याला किनाऱ्यावर न्यायची. तो गुडघाभर पाण्यात चालायचा आणि ती ओल्या वाळूत मला कडेवर घेऊन उभी राहायची. लोक बघायचे. कोणी विचारलं की हे काय, तर ती सांगायची, एक पोर पाण्यात, एक कडेवर, आमच्या घरात दोघंही लाडावलेले.

गुडघा बरा झाल्यावर राजश्री मॅडमनी त्याला आंब्याच्या शेडमध्ये बोलावलं. म्हणाल्या, तिकडे तू उंच नाहीस हे बरं झालं तुला कळलं, इथे आम्ही तुला उंच म्हणून फुकट मोठा केला. रिंगणाखाली उभं राहून खेळायचे दिवस आता संपले. आता चेंडू घेऊन संघाला पुढे न्यायचं, वाट काढायची, दुसऱ्याला द्यायचं. सगळं नव्याने. हर्षद रडकुंडीला यायचा. मॅडम त्याला वाटेत खुर्च्या मांडून देत, दोऱ्या बांधून देत आणि दोरीखालून मला घेऊन जायला लावत. पण त्याच्या अंगात एक गोष्ट होती जी इतर उंच मुलांच्या अंगात नसते. त्याला खाली राहता यायचं. लहानपणापासून तेच तर करत आला होता. फक्त आता मॅडम त्याला गुडघे कसे वाकवायचे, भार कुठे ठेवायचा, हे शिकवत होत्या. मी जमिनीपासून वीतभरावर उसळत त्याच्या एका हातातून दुसऱ्या हातात जायचो आणि समोरच्याला कळायचं नाही मी कुठे आहे. कधी कधी मलाही कळायचं नाही.

पुढच्या वर्षी शिबिराने त्याला घेतलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी, तो कॉलेजात गेल्यावर, त्याचं नाव ड्राफ्टला आलं.

ड्राफ्ट म्हणजे काय ते सांगतो. व्यावसायिक लीगचे संघ एका सभागृहात टेबलं मांडून बसतात. सकाळी मुलं त्यांच्यासमोर खेळतात. संध्याकाळी प्रत्येक संघ आपल्या पाळीला उठून एक नाव घेतो. ज्याचं नाव घेतलं तो त्या संघाचा खेळाडू. सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत ज्याचं नाव आलं नाही, त्याने पिशवी उचलायची आणि घरी जायचं.

ड्राफ्टचा दिवस शिमग्यात आला. ज्या दिवशी पालखी त्यांच्या अंगणात यायची, नेमका तोच दिवस. गेल्या वर्षी महिपतने दुखऱ्या खांद्याने स्वतःच पालखी धरली, नंतर दोन महिने त्याचा हात वर होत नव्हता. या वर्षी तेही होणार नव्हतं. आणि आमच्या तिकडे खांदा एक वर्ष दुसऱ्या घरात गेला, तर तो परत येईलच असं कोणी सांगू शकत नाही. हर्षदला झोप लागेना. तो मला छातीवर घेऊन पडून राहायचा. माझ्यात हवा आहे की त्याच्यात, असं वाटावं इतका तो सुस्कारे टाकत होता. शेवटी गावाहून वडिलांचाच फोन आला. त्याने स्पीकरवर लावला.

"हर्षा, तू येऊ नको."

"आणि खांदा?"

"धोंडू लावील."

हर्षद उठून बसला. मी खाली पडलो. "धोंडूकाका? बाबा, तुम्ही बोलता त्याच्याशी?"

"काल बोललो," महिपत म्हणाला.

 त्यापुढचं आईने मागाहून सांगितलं, की महिपत सरळ धोंडूच्या पायरीवर जाऊन बसला, धोंडूने सवयीने कुत्र्याकडे तोंड वळवलं, तर महिपत म्हणाला, मोत्याला राहू दे, माझ्याशी बोल.

ड्राफ्टच्या सकाळी हर्षदने मला पिशवीत घातलं आणि चेन अर्धी उघडी ठेवली. मैदानात लीगचे नवे चेंडू होते, नुकत्याच तोडलेल्या संत्र्यांसारखे. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या लाल अंगाकडे पाहिलं. मग खेळ सुरू झाला आणि मी सगळं विसरलो.

हर्षद खेळला! मित्रांनो, मी त्याच्या हातात वाढलो, तरी मी त्याला असं बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. समोर केरळचा एक प्रचंड मुलगा उभा होता, त्याचे हात पसरले की मागचं काही दिसेना. हर्षद त्याच्याकडे धावत गेला आणि ऐन जवळ गेल्यावर इतका खाली गेला की चेंडू जमिनीला चिकटल्यासारखा वाटला. त्या मुलाचे हात वर राहिले आणि हर्षद खालून निघून गेला. रिंगणाजवळ जाऊन त्याने स्वतः चेंडू टाकलाच नाही. मागून येणाऱ्या आपल्या साथीदाराला न पाहता दिला. टेबलांवरचे लोक एकमेकांकडे झुकले. माझ्या अंगावरचे दाणे शिल्लक असते तर ते उभे राहिले असते.

संध्याकाळी नावं सुरू झाली. पहिली फेरी उंच मुलांची गेली. दुसरीही गेली. प्रत्येक नावाला टाळ्या पडत, एक मुलगा उठे, त्याच्या आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी येई. हर्षदच्या शेजारच्या खुर्चीवर राजश्री मॅडम होत्या.  पिशवी त्याच्या पायांत होती आणि त्याने दोन्ही पायांनी मला घट्ट धरलं होतं. फेऱ्या सरत गेल्या. शेवटच्या फेरीत मोजकीच टेबलं उरली. एका टेबलावरचे गृहस्थ उठले, त्यांनी कागद पाहिला, चष्मा वर केला आणि नाव घेतलं. हर्षद महिपत पाष्टे, रत्नागिरी.

तो उठला नाही. मॅडमनी त्याला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, अरे, रत्नागिरीत आणखी कोण आहे त्या नावाचा?

मग तो उठला. मी खालून पाहत होतो. तो उठतच गेला.

घरी फोन लावला तर कोणी उचलेना. पालखी अंगणात नाचत असणार आणि ढोलापुढे फोन कोणाला ऐकू येतो? थोड्या वेळाने महिपतचा व्हिडिओ कॉल आला. मागे ताशे चाललेलेच. हर्षद म्हणाला की घेतलं. महिपत म्हणाला, काय? हर्षद ओरडला की मला घेतलं, संघात घेतलं. महिपतचं तोंड उघडं राहिलं. त्याने फोन शेजारच्याच्या हातात दिला.

शेजारी धोंडू होता. घामाने भिजलेला, खांद्यावर दांड्याचा वळ उठलेला. त्याला असं समोर तोंड करून बोलायची सवय नव्हती, म्हणून तो आधी इकडेतिकडे पाहू लागला. मग म्हणाला, "तुझं भलं कर म्हणून तुझ्या नावाचं गाऱ्हाणं घातलंय देवाला. खांदा तुझाच आहे हो. मी आपला एका वर्षापुरता धरलाय. पुढल्या शिमग्याला ये आणि घे."

 त्या मानाची किंमत काय आहे ते हर्षदला ठाऊक होतं. त्यासाठी तो स्वतः वाकला होता, आणि वडिलांचा हात त्यासाठी कायमचा दुखत होता.

"नको काका," तो म्हणाला. "तुमच्या खांद्यावर पालखी सरळ राहते. तुमच्याकडेच असू दे. मी येईन आणि पालखीपुढे ढोल वाजवीन. सरळ उभा राहून."

 मागे ताशे वाजत होते. मग महिपतचा चेहरा धोंडूच्या चेहऱ्याशेजारी आला, दोघे एकाच चौकटीत, आणि महिपत म्हणाला, "बरोबर बोलला पोरगा."

मित्रांनो, आता मी आंब्याच्या शेडमध्ये असतो. हर्षदला संघाने नवे चेंडू दिले. निघताना त्याने मला मॅडमच्या हातात दिलं. तो म्हणाला, ह्याला कपाटात ठेवू नका. मॅडमनी ठेवलं नाही. रोज कोणी ना कोणी मला उचलतं. मी पूर्वीसारखा उसळत नाही, पण उसळतो. पावसाळ्यात भिंतींना आंब्याचा वास तसाच येतो. हर्षदचे सामने मॅडमच्या मोबाइलवर लागतात, तेव्हा मुलं मला मधे ठेवून भोवती बसतात. तो खाली जातो आणि पुन्हा वर येतो, आणि मी दर वेळी थक्क होतो.

माझी एक विनंती आहे. तुमच्यासाठी जो कोणी ओझं उचलतो, मग तो देवाची पालखी वाहणारा असो, गोदामात पोती उचलणारा असो, की मैदानात तुमच्या संघासाठी धावणारा, त्याला कधीतरी थांबवून विचारा, की बाबा रे, दुखतंय का? तो तक्रार करत नाही याचा अर्थ त्याला दुखत नाही असा नसतो. हर्षद गप्प राहिला. महिपत गप्प राहिला. आत्याने विचारलं म्हणून पुढचं सगळं झालं.

आणि हो, माझ्यात हवा भरायची असेल तेव्हा सुई आधी ओली करा. लोक घाईत कोरडीच खुपसतात. मला दुखतं. पण मी चेंडू आहे, मी काय बोलणार?

तुम्हीच लक्षात ठेवा.